फॉलिंगवॉटर सात इंच का वाकलं आणि ते कसं सावरलं

अमेरिकेतलं धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर हे घर खरंच पडायला आलं होतं का, चूक त्याचा वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटची की इंजिनियरांची, आणि आता आत जाणं सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय. पिट्सबर्गला मुलाकडे जाणार आहात, तेव्हा घराचा इतिहास आणि बांधणीही सांगा, असंही लिहिलंय. मी आरसीसीचं, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं, स्ट्रक्चरल डिझाइन करतो आणि जुन्या इमारतींचं ऑडिट हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे उत्तरात तुळया, सळया आणि काँक्रीट जास्त येईल. पण या घराचं सौंदर्य आणि त्याचं दुखणं एकाच जागी आहे, तेव्हा हा भाग वगळून घर समजणारच नाही.

आधी सरळ उत्तर. घर धोक्यात होतं, ही अफवा नव्हती. १९९७ साली त्याच्या मुख्य मजल्याखाली ओढ्याच्या पात्रात पोलादी टेकू लावावे लागले. २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि टेकू निघाले. आज ते निर्धास्त बघता येतं. चूक कोणाची याचं एका नावात उत्तर देता येत नाही, आणि ज्या कहाणीत राइट खलनायक आणि इंजिनियर नायक असतात किंवा नेमकं उलटं असतं, ती मला पटत नाही.

एडगर कॉफमन हे पिट्सबर्गमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक. शहराच्या आग्नेयेला, साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात बेअर रन नावाचा ओढा आहे. तिथे दुकानातल्या कर्मचाऱ्यांसाठी उन्हाळी शिबिराची जागा होती. पुढे ती कॉफमन कुटुंबाची झाली. ओढा खडकाच्या थरांवरून उड्या घेत जातो आणि आजूबाजूला ओक, मेपल आणि रोडोडेंड्रॉनचं दाट रान. कुटुंब तिथे पोहायचं, धबधब्यावरच्या मोठ्या दगडावर ऊन खात बसायचं. त्यांचा मुलगा, धाकटा एडगर, १९३४ मध्ये राइटच्या टॅलिएसिन इथल्या शाळेत शिकायला गेला आणि त्यातून वडिलांची आणि राइटची ओळख झाली.

तेव्हा राइट पासष्टी ओलांडलेला होता. मंदीच्या काळात कामं जवळजवळ थांबलेली, आणि याची उमेद संपली असं अनेकांनी ठरवून टाकलेलं. १९३४ च्या डिसेंबरमध्ये त्याने जागा पाहिली आणि मोठमोठे खडक व झाडं दाखवणारा सविस्तर नकाशा मागवला. मग कित्येक महिने कागदावर काहीच नाही. २२ सप्टेंबर १९३५ ला कॉफमन मिलवॉकीहून गाडीने टॅलिएसिनला यायला निघाले आणि ते पोचेपर्यंतच्या दोनेक तासांत राइटने घर काढून दाखवलं, असं त्याचे शिष्य सांगत. ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. माझ्या मते तिचा अर्थ एवढाच, की हात चालायच्या आधी आराखडा डोक्यात पक्का झाला होता. नकाशातला प्रत्येक खडक पाठ असल्याशिवाय असं घर दोन तासांत निघत नाही.

कॉफमनना धबधब्याकडे बघणारं घर हवं होतं. राइटने ते धबधब्याच्या डोक्यावर ठेवलं. आतून धबधबा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. बैठकीच्या खोलीतून एक काचेचं झाकण सरकवलं की लोंबता जिना थेट ओढ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. कुटुंब ज्या दगडावर बसायचं तो दगड तसाच ठेवून त्यावर शेकोटी केली. बाकीच्या फरशीला मेण लावून ती ओल्या दगडासारखी चकचकीत केली आहे आणि शेकोटीचा खडक कोरडा, उघडा सोडलाय. पायी चालताना हा फरक जाणवतो. गाडीच्या वाटेवरची एक तुळई तिथल्या झाडाच्या बुंध्याला वळसा घालून जाते. बांधायच्या आधी प्लॉट साफ करून घ्यायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी ती तुळई नक्की पाहावी.

रचना अशी. मागच्या बाजूला दगडी भिंती आणि उंच धुराडं. दगड जवळच्याच खाणीतला, थर लावताना मधूनमधून काही दगड पुढे काढलेले, त्यामुळे भिंत ओढ्यातल्या खडकाच्या थरांसारखी दिसते. या दगडी गाभ्यातून काँक्रीटचे मजले आणि गच्च्या हवेत बाहेर आल्या आहेत. काँक्रीटला फिकट पिवळसर रंग, खिडक्यांच्या पोलादी चौकटींना राइटचा आवडता तांबडा. घराच्या रंगांचा हिशोब एवढाच. उजेडासाठी पट्ट्यांसारख्या लांब खिडक्या. काही ठिकाणी काच चौकटीशिवाय थेट दगडात घुसवली आहे आणि काही कोपऱ्यांत खांबच नाही. दोन्ही झडपा उघडल्या की कोपराच नाहीसा होतो. हे शक्य झालं कारण छताचं वजन त्या कोपऱ्यावर नाहीच, ते मागच्या गाभ्यातून पेललं जातं. मुख्य घरात आतली जागा सुमारे २,८८५ चौरस फूट आहे आणि गच्च्या २,४४५ चौरस फूट. गच्च्या जवळजवळ घराएवढ्याच, आणि त्यातल्या बहुतेक अधांतरी. १९३६-३७ मध्ये मुख्य घर झालं, १९३९ मध्ये वरच्या उतारावर पाहुण्यांचं घर. सगळा खर्च सुमारे १,५५,००० डॉलरवर गेला, सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट.

आता कॅन्टिलिव्हरकडे. एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी तुळई. वजन पडलं की तिचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण मात्र सोसत नाही, म्हणून सळया वर हव्यात. आपल्याकडे बाल्कन्या कोसळतात तेव्हा बऱ्याचदा हेच सापडतं: काँक्रीट टाकताना मजुरांच्या पायांनी वरच्या सळया खाली दाबल्या गेलेल्या असतात.

फॉलिंगवॉटरच्या मुख्य मजल्याखाली, ओढ्याकाठच्या खडकावर, जाडजूड आधार उभे आहेत. त्यांच्यावरून मोठ्या तुळया निघतात आणि आधाराच्या पुढे साधारण १५ फूट प्रवाहावर जातात. राइटने इथे एक फार हुशारीची गोष्ट केली. आपण नेहमी तुळई खाली आणि तिच्यावर स्लॅब टाकतो. त्याने उलटं केलं: स्लॅब तळाला, तुळया तिच्यातून वर उठलेल्या, त्यांच्यामधल्या पोकळीवर लाकडाची बैठक आणि तिच्यावर दगडी फरशी. खालून पाहिलं तर तळ सपाट, एकही तुळई दिसत नाही. डोळ्याला हवं ते मिळालंच, शिवाय कॅन्टिलिव्हरमध्ये दाब तळाला असतो आणि तिथेच स्लॅबचं रुंद काँक्रीट आलं. राइटला स्ट्रक्चर कळत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी हा छेद, म्हणजे मजल्याचा उभा काप, एकदा कागदावर काढून बघावा.

चुकलं ते हिशोबात. राइटकडे मेंडेल ग्लिकमन आणि विल्यम वेस्ली पीटर्स हे इंजिनियर होते. कॉफमननी मात्र खात्रीसाठी ड्रॉइंग पिट्सबर्गच्या मेट्झगर-रिचर्डसन या फर्मला दाखवली. त्यांना सळया कमी वाटल्या. मुख्य तुळयांमध्ये एक इंची चौकोनी सळया आठ होत्या, त्यांनी त्या सोळा केल्या, आणि राइटला न विचारता त्या घातल्याही गेल्या. राइटला कळल्यावर तो प्रचंड संतापला आणि काम सोडायची धमकी देणारं पत्र त्याने लिहिलं. जास्त पोलादामुळे नुसतं वजन वाढतं, हा त्याचा मुद्दा होता.

साठ वर्षांनी रॉबर्ट सिल्मन यांच्या फर्मने रडार आणि इतर चाचण्यांनी सळया शोधून पुन्हा हिशोब केला तेव्हा दिसलं, की मूळ आठ सळयांवर हा मजला सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंतचा खालचा तात्पुरता आधार, काढल्यावर टिकला नसता. म्हणजे पिट्सबर्गच्या इंजिनियरांनी घर वाचवलं, हे निर्विवाद. पण सोळा सळयाही पुरेशा नव्हत्या. काँक्रीट वाकणं थांबेल इतकं पोलाद तेव्हा कोणीच घातलं नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली.

ती गोष्ट वरच्या मजल्याची. मुख्य शयनकक्षाची गच्ची खालच्या बैठकीच्या खोलीच्याही पुढे डोकावते. कागदावर ती स्वतंत्र कॅन्टिलिव्हर होती, स्वतःचं वजन स्वतः पेलणारी. तिच्यात वरच्या सळया कमी पडल्या. ग्लिकमनच्या हातून त्या राहून गेल्या, असं त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवलंय. १९३७ मध्येच तिच्या कठड्यांना भेगा पडल्या. सेंटरिंग काढताना काही भाग पावणेदोन इंच खाली आला. मग ही गच्ची कशी उभी राहिली? बैठकीच्या खोलीच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांच्या चौकटीतले चार पोलादी दांडे वरच्या गच्चीला टेकू देत होते. खिडकीचे दांडे म्हणून लावलेले, प्रत्यक्षात खांबाचं काम करत होते. म्हणजे वरच्या मजल्याचं ओझं खालच्या कॅन्टिलिव्हरच्या टोकाजवळ, जिथे ते सगळ्यात जास्त त्रास देतं तिथे, उतरत होतं. खालच्या तुळयांचा हिशोब करताना हे ओझं कोणीही धरलेलं नव्हतं.

माझ्या कामात मला हे वारंवार भेटतं. मूळ ड्रॉइंगमध्ये भार एका वाटेने जातो आणि इमारत आपल्यासाठी दुसरीच वाट शोधून काढते. बंद केलेल्या बाल्कनीची वीटभिंत वरच्या स्लॅबला टेकू देऊ लागते, मग कोणीतरी नूतनीकरणात ती भिंत काढतो आणि वरच्या घरात भेगा येतात. म्हणून ऑडिट करताना ड्रॉइंग वाचून थांबायचं नसतं. कोण कशावर टेकलंय ते जागेवर जाऊन पाहावं लागतं. सिल्मन यांच्या तपासणीचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते या चार दांड्यांसाठी.

काँक्रीटचा आणखी एक गुण इथे आड आला. पुस्तकांच्या वजनाने लाकडी फळी जशी वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जाते, तसं भाराखालचं काँक्रीटही वाकत राहतं, वजन न वाढताही. याला क्रीप म्हणतात. साधारणपणे पहिल्या काही वर्षांत त्याचा जोर ओसरतो. पण ताण फार जास्त असेल, भेगा उघडत असतील, तर वाकणं थांबत नाही. कॉफमनना हे जाणवत होतं. १९४१ पासून ते कठड्यांची पातळी सर्व्हेअरकडून मोजून घेत होते. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं आणि मोजमाप थांबलं. एका घरमालकाने चौदा वर्षं आपल्या घराची पातळी नोंदवून ठेवली, ही साधी गोष्ट नाही. पुढच्या इंजिनियरांना घराचा वेग कळला तो या आकड्यांमुळे. आपल्याकडे मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींचं ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे, तरी दोन ऑडिटमधल्या काळात भेगेची रुंदी कुठे लिहून ठेवलेली सापडत नाही.

धाकट्या एडगरने १९६३ मध्ये घर आणि आजूबाजूचं रान वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेला देऊन टाकलं आणि १९६४ पासून ते लोकांसाठी खुलं झालं. फर्निचर, पुस्तकं, चित्रं यांसकट. घराबरोबर जंगल दिलं म्हणून आजही तिथून दुसरी इमारत दिसत नाही.

१९९० च्या दशकात पुन्हा मोजलं तेव्हा मुख्य मजल्याचं टोक सुमारे सात इंच खाली आलेलं होतं. १५ फुटांत सात इंच म्हणजे डोळ्याला दिसणारा उतार. भेगांवर आणि तुळयांवर यंत्रं बसवून वर्षभराहून जास्त निरीक्षण केलं. थंडी-उन्हाळ्याची हालचाल वजा केल्यावरही घर खाली जातच होतं. तेव्हा पोलादी टेकू लावले आणि कायमच्या उपायाचा विचार सुरू झाला.

उपाय निवडला तो पोस्ट-टेन्शनिंगचा. आपल्या उड्डाणपुलांच्या गर्डरमध्ये उच्च ताकदीच्या केबल घालून जॅकने ताणतात, तीच पद्धत, फक्त इथे ती पासष्ट वर्षं जुन्या, भेगाळलेल्या तुळयांना बाहेरून लावायची होती. बैठकीच्या खोलीतल्या फरश्या नंबर घालून एकेक उचलल्या, खालची लाकडी बैठक काढली आणि वर उठलेल्या तुळया उघड्या पडल्या. तुळयांच्या दोन्ही अंगांना केबल बसवल्या, टोकांना काँक्रीटचे अँकर केले आणि जॅकने ताण दिला. तुळईच्या वरच्या भागात जो ताण होता त्याच्या विरुद्ध दाब मिळाला. घर टेकूंवरून किंचित उचललं गेलं, इंचाच्या काही भागाइतकं. मग फरश्या आपापल्या जागी परत. सगळं काम फरशीखालच्या पोकळीत मावलं. राइटने तुळया वर आणि स्लॅब खाली ठेवली नसती तर ही केबल कुठे लपवली असती? आपल्या नेहमीच्या स्लॅबखाली ती लोंबताना दिसली असती. त्याच्या त्या उलट्या छेदाने दुरुस्तीला जागा दिली.

सात इंच पूर्ववत का केले नाहीत, हे मला अनेक जण विचारतात. करून चाललं नसतं. इतक्या वर्षांत खिडक्या, दगडी भिंती, फर्निचर सगळं त्या वाकलेल्या आकाराशी जुळलेलं. मजला सरळ केला असता तर काचा तडकल्या असत्या, दगडांचे सांधे उघडले असते आणि काँक्रीटमध्ये नव्या भेगा पडल्या असत्या. म्हणून वाकणं थांबवायचं, झालेलं वाकणं तसंच ठेवायचं, असं ठरलं. वरच्या गच्चीचं ओझं चार दांड्यांतून खाली येतं तेही मान्य केलं आणि खालचा मजला ते पेलेल इतका बळकट केला. संवर्धनात हा संयम सगळ्यात अवघड असतो. मालकाला काम दिसायला हवं असतं आणि इथे उत्तम काम म्हणजे काहीच दिसू न देणं होतं. सगळ्या जीर्णोद्धाराला, वॉटरप्रूफिंग आणि दगडकामासकट, सुमारे १.१५ कोटी डॉलर लागले.

आता चुकीबद्दल. राइटच्या बाजूने बोलायचं तर त्याने जे मागितलं ते त्या काळच्या आरसीसीच्या ज्ञानाच्या कडेवरचं होतं. क्रीपबद्दलची समज तेव्हा अजून तयार होत होती. त्याने टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलात कॅन्टिलिव्हर वापरले होते, त्यामुळे तो नवखा नव्हता. पण दुसऱ्याने तपासलेला आकडा हा अपमान समजणं ही त्याची चूक होती आणि ती स्वभावाची होती. त्या काळची एक गोष्ट सांगतात: इंजिनियरांच्या सल्ल्यावरून पश्चिमेकडच्या गच्चीखाली एक आधाराची भिंत उभारली गेली. राइटने तिचा वरचा दगडी थर शिष्याकडून गुपचूप काढायला लावला. महिन्याभराने कॉफमन आले तेव्हा गच्ची आधाराशिवाय उभी होती, ते त्यांना दाखवलं. ऐकायला छान, पण इंजिनियर म्हणून माझ्या अंगावर काटा येतो. महिनाभर टिकलं म्हणजे पन्नास वर्षं टिकेल असं होत नाही. क्रीप महिन्यात दिसत नाही. दुसरीकडे पिट्सबर्गच्या इंजिनियरांनी सळया दुप्पट केल्या, पण दोन मजले मिळून कसे वागतील हे त्यांनीही पाहिलं नाही. आणि दोघांमध्ये बोलणं तुटलं. एका टेबलावर बसून दोन्ही मजल्यांचा एकत्र विचार झाला असता, तर कदाचित चार खिडकीच्या दांड्यांना हे ओझं वाहावं लागलं नसतं.

स्ट्रक्चर सुटलं तरी पाणी सुटलेलं नाही. सपाट गच्च्या, दगडात घुसवलेल्या काचा, खाली सतत दमट हवा आणि हिवाळ्यात गोठणारं पाणी. घर पहिल्यापासून गळतं. कॉफमन वैतागून त्याला सात बादल्यांची इमारत म्हणत. दगडी भिंतीत पाणी शिरतं, गोठलं की फुगतं आणि सांधा फोडतं. कोकणातल्या पावसात घर सांभाळलेल्यांना गळतीचा अर्थ सांगायला नको, पण तिथे वरून बर्फाचा मार आहे. अलीकडच्या वर्षांतही छतं, गच्च्या आणि भिंतींचं वॉटरप्रूफिंग टप्प्याटप्प्याने केलं गेलं, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा कुठे परांच्या दिसल्या तर घाबरू नका. २०१९ पासून राइटच्या इतर सात इमारतींबरोबर हे घर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे तेव्हा काम चालू असेल तर ते निगराणीचंच लक्षण आहे.

जाताना तिकीट आधी काढा; टूर वेळेच्या असतात आणि हिवाळ्यात काही काळ घर बंद असतं. मुलाला आत फिरायची टूर घ्यायला सांगा, नुसत्या आवाराची नको. बैठकीच्या खोलीत गेलात की दक्षिणेच्या खिडक्यांतले जाड दांडे शोधा. बाहेर पडल्यावर ओढ्याच्या खालच्या अंगाला प्रसिद्ध फोटोंची जागा आहे, तिथे गर्दी असते. मला मात्र ओढ्यावरच्या पुलावर थांबावंसं वाटतं. तिथून कठड्याची वरची कड आणि लांबवरचं खिडकीचं आडवं पोलाद एका रेषेत धरून पाहा. उतार दिसेल.